बर्फाच्या खडावा

ऑक्टोबर १९७२ मधला एक रविवार, सकाळचे साडेनऊ. रक्कम चार आणे. हजर व्यक्ती चार: मी, माझी पत्नी सुमन, शेजारच्या शांताबाई आणि ज्यांनी ते चार आणे परत केले ते नाना ढवळे.

"काय कापायचं?" सुमनच्या हातातली कात्री न घेताच नानांनी विचारलं.

"कापड. कात्रीनं दुसरं काय कापतात?"

"मास्तर कागद कापत्यात. न्हावी केस कापतो. तुमच्या मागच्या बाजूचा पेन्शनर कात्रीनं मिरच्या कापतो, म्या सोता बघितलंय. कंचं कापड?"

"परकराचं."

"आनलंय?"

"नाही."

"मग ह्ये चार आनं घ्या वापस आन् कापड घिऊन या. कापनार कोन?"

"मीच की हो!"

"मग सोता या. भाऊसाहेबांच्या हाती धाडू नका."

भाऊसाहेब म्हणजे मी. सुमन तणतणत घरी गेली, परकराचा तुकडा घेऊन आली आणि भर गल्लीत उभी राहून तिनं वीतभर कापड कापून दाखवलं. नाना कापडाकडे बघतच नव्हते, तिच्या अंगठ्याकडे बघत होते. शांताबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग कुठे नानांनी कात्री घेतली. एक सांगतो, त्यानंतर अडीच वर्षं त्या कात्रीला पुन्हा धार लावावी लागली नाही. म्हणजे महिन्याला एक पैसाही पडला नाही.

मी भिंगारला लष्कराच्या एका वर्कशॉपच्या भांडारात कारकून होतो. नटबोल्टपासून ताडपत्रीपर्यंत चार हजारांवर वस्तूंची मोजदाद माझ्याकडे. आमच्या क्वार्टरच्या मागे, कडुलिंबाखाली पत्र्याची शेड होती. तिथे नानांचं धार लावायचं चाक. माणूस मूळचा जामखेडकडचा, वय पन्नाशीच्या पुढे, अंगावर मांस असं नव्हतंच. चाकातून ठिणग्या उडायच्या म्हणून ते डोळे बारीक करत. ते तसेच बारीक राहून गेले होते. त्यामुळे आपण काहीही बोललो तरी नाना संशय घेताहेत असं वाटायचं.

चाकाची मूठ फिरवायच्या त्यांच्या पत्नी, पारूमावशी. त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. उरलेल्या तीन बोटांनी त्या भाकरी थापत, धुणं पिळत आणि गल्लीतल्या पोरांचे कान पिळत. बोटं कशी गेली हे मी नऊ वर्षांच्या शेजारात कधी विचारलं नव्हतं. दोघं कामाच्या वेळी एकमेकांशी बोलत नसत. चाकाचा आवाज बदलला की मावशी आपोआप हळू होत.

"हात बघितल्याबिगर धार न्हाई," हा नानांचा मंत्र. न्हाव्याचा वस्तरा आला तर नाना त्याच्यासमोर मांडी घालून बसत आणि दाढी करून घेत. वस्तरा मनासारखा चालला नाही की अर्ध्या दाढीवरच उठून चाकाकडे जात. एकदा गिऱ्हाइकांची गर्दी होती म्हणून न्हावी निघून गेला आणि नाना सोमवार ते बुधवार अर्ध्या दाढीनं हिंडले. लोहार, चांभार, सुतार, सगळ्यांनी त्यांच्यापुढे परीक्षा दिलेली. एकदा दवाखान्यातला कंपाउंडर ऑपरेशनची सुरी घेऊन आला.

"काय कापायचं?"

"माणूस," कंपाउंडर म्हणाला.

आयुष्यात तेवढ्या एका वेळेला नाना "दाखवा" म्हणाले नाहीत.

तर अशा माणसाकडे मी कॅप्टन नेगींना घेऊन गेलो. चूक माझीच.

कॅप्टन नेगी तिशीतला, पहाडी मुलखातला, लालबुंद गालांचा हसरा माणूस. तीन महिन्यांच्या कोर्सला नगरला आला होता. कोर्स संपला की परत लडाखला, आपल्या तुकडीकडे. तिकडे थंडीत तळं गोठतं आणि त्यावर हे लोक हॉकी खेळतात, ही माहिती मला त्यानंच दिली. पायांत लोखंडी पात्यांचे बूट. त्याच्या तुकडीत असे नऊ खेळाडू होते आणि जानेवारीत शेजारच्या तुकडीशी सामना ठरला होता. कुठल्याशा थंड हवेच्या गावातला बंद पडलेला क्लब सामान विकत होता. तिथून त्यानं न बघता एक ट्रंक मागवली. ट्रंकेत चौदा जोड निघाले, सगळे गंजलेले. आमच्या वर्कशॉपच्या साहेबांनी सांगितलं, ही वस्तू आमच्या यादीत नाही, आम्ही हात लावणार नाही. यादी मीच ठेवत असल्यामुळे मला ते खरं असल्याचं माहीत होतं. म्हणून मी नानांचं नाव सुचवलं. कॅप्टनला निघायला अठरा दिवस होते.

नानांनी एक बूट उचलला, पात्यावरून नख फिरवलं आणि मला विचारलं, "ह्या काय खडावा हायेत व्हय?"

"बर्फावर चालायच्या."

"कोनाचा पाय?"

कॅप्टननं हसत आपला पाय पुढे केला. नाना म्हणाले, "ह्यो एक झाला. बाकीचे आठ?"

बाकीचे आठ तीन दिवसांच्या वाटेवर होते. नानांना हे पसंत पडलं नाही. तोडगा म्हणून कॅप्टननं कागदावर आठांची नावं लिहिली आणि नानांच्या आग्रहावरून प्रत्येकाचं वजनही. सगळ्यात हलका चोपन्न किलो, सगळ्यात जड ब्याऐंशी. तो कागद मीच नीट नक्कल करून शेडच्या पत्र्याला चिकटवला. नाना त्याच्याकडे बघून रोज सकाळी नमस्कार केल्यासारखी मान हलवायचे.

आधी निवड. नानांनी घरातला आरसा जमिनीवर आडवा ठेवला आणि एकेक पातं त्यावर उभं करून, गाल जमिनीला टेकवून, खालून येणारा उजेड बघायला सुरुवात केली. दोन जोडांच्या पात्यांना पुढे दात होते. "ह्यो करवतीचा सख्खा भाऊ." कॅप्टन म्हणाला, बरोबर, ते नाचाचे आहेत. दोन जोड लांब, सुतासारखे सरळ, टाचेपासून टोकापर्यंत आरशाला चिकटलेले. नाना म्हणाले, "ह्येच्यावर मानूस निगंल झ्याक, पन घरी वापस यायचा न्हाई." ते शर्यतीचे निघाले. हॉकीचं पातं आखूड, पाळण्याच्या पट्टीसारखं किंचित बाक दिलेलं, मधे दोन-तीन बोटंच टेकणारं. म्हणजे माणसाला जागच्या जागी वळता येतं. असे दहा जोड निघाले. नानांनी प्रत्येक पातं टिचकी मारून ऐकलं आणि एकाला "फुटकं मडकं" म्हणून बाजूला केलं. गंज घासल्यावर तिथे केसाएवढी चीर दिसली. राहिले नऊ. पाहिजे होते नऊ. हिशेब असा जुळला की मला बरं वाटतं.

"आता बरफ आना," नाना म्हणाले.

"बर्फ?"

"कापायचं काय ते बघितल्याबिगर धार कशी लावू, भाऊसाहेब?"

वर्ष बहात्तर. पाऊस झालाच नव्हता. आमच्या नळाला दिवसाआड पाऊण तास पाणी येत होतं, आणि नानांना बर्फ पाहिजे होता! कॅप्टननं नगरच्या बर्फाच्या कारखान्यातून दोन लाद्या टांग्यातून आणवल्या, गोणपाटात आणि भुशात गुंडाळलेल्या. टांगा गल्लीत शिरला तेव्हा त्याच्यामागे अकरा बायका बादल्या घेऊन चालत होत्या.

"भाऊसाहेब, वितळलेलं पानी कुनाचं?" शांताबाईंनी थेट मुद्द्याला हात घातला.

मी रांग लावली. एकीला अर्धी बादली, तुळशीला आणि म्हशीला. भुशाचं पाणी पिऊ नये, असं बजावलं. नानांनी बर्फाला हात लावला, नखानं ओरखडला, शेवटी जिभेनं चाटला आणि म्हणाले, "ह्यो काचंच्या जातीचा हाय. फकस्त लाजाळू."

मधल्या चार दिवसांत त्यांनी कॅप्टनचा जोड तयार केला होता. पात्याच्या तळाला लांबीभर उथळ पन्हळ पाडायची असते, त्यानं दोन्ही बाजूंना दोन कडा तयार होतात, हे कॅप्टननं खडूनं काढून दाखवलेलं. नानांनी चाकावर पातं सपाट केलं, मग अर्ध्या इंची नळाच्या तुकड्याला एमरी पेपर, म्हणजे लोखंड घासायचा खरखरीत कागद, गुंडाळून त्यावर लांबच लांब हात मारले. एका पात्याला दोनशे चाळीस, मी मोजले. त्या कडेनं नानांनी हवेत उडणारा पिसाचा तुकडा कापून दाखवला. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

दोन लाद्या टोकाला टोक लावून मांडल्या. कॅप्टननं बूट चढवले, कडुलिंबाच्या फांदीला धरून उभा राहिला, थोडा सरकला आणि थांबण्यासाठी पाय आडवा केला. पात्यानं बर्फाला असा चावा घेतला की पाय तिथेच राहिला आणि वरचा कॅप्टन पुढे गेला. तो रांगेतल्या तिसऱ्या बादलीत बसला.

गल्ली हसली. कॅप्टनही हसला. "नाना, ये पकडता बहुत है! छोडताही नहीं!" त्याचं कोपर चांगलंच सोललं होतं, बाहीतून रक्त येत होतं.

नाना हसले नाहीत. ते रक्ताकडे बघत राहिले. मग आत गेले आणि दार लावून घेतलं.

पुढचे तीन दिवस चाक बंद. नऊ वर्षांत असं झालं नव्हतं. मी दोनदा गेलो तर आतून एकच उत्तर, "घिऊन जा तुमच्या खडावा. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." कॅप्टनला निघायला नऊ दिवस उरले होते आणि आठ जोड व्हायचे होते. नगरमध्ये दुसरं कोणी हे काम करणारं नव्हतं. पुण्यात चौकशी केली, तिथेही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पारूमावशी शेडमध्ये एकट्याच एमरीचे कपटे गोळा करत होत्या. मी म्हणालो, "मावशी, कोपरच सोललंय. लेकराला लागावं एवढं. याचा एवढा काय बाऊ?"

त्यांनी डावा हात माझ्यापुढे धरला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"ह्ये बघा. लगीन झाल्यावर पयल्याच सालची गोष्ट. ऊसतोडीला गेल्तो आमी, तिकडं कारखान्याकडं. माझा कोयता म्हंजे निस्ता लोखंडाचा पत्रा. चार घाव घालावं तवा एक ऊस पडायचा. ह्येनला वाटलं, बायकूचं हात दुखत्यात. पहाटं उठून गपचिप त्याला धार लावली. लई ग्वाड धार. कौतिक करंल म्हनून सांगितलं बी न्हाई. आन् म्या रोजच्यासारखा ताकदीनं घाव घातला."

त्यांनी हात मागे घेतला आणि एमरीचा आणखी एक कपटा उचलला.

"अट्ठावीस वरसं झाली. तवापासनं गावाला इचारत्यात, कोन कापनार, काय कापनार, हात दाखवा. मला एकदा बी काय इचारलं न्हाई. म्या बी बोलले न्हाई. बोलन्यासारखं काय हुतं? मायेनंच केलं की त्येनी."

मग त्या उठल्या, घरात गेल्या आणि लाटणं घेऊन आल्या. मला वाटलं, आता नानांना मारतात. पण त्यांनी दार ढकललं आणि उंबऱ्यातूनच सुनावलं, "अवो, ऐका. चार दिस म्या तुमचं घासनं बघतीय. नळ बारका, म्हनून पन्हळ खोल पडतीय. खोल पडली की कड टोचनारच. ह्येला गुंडाळा तुमचा कागद."

"लाटन्याला?" आतून आवाज आला.

"व्हय, लाटन्याला. पुरनपोळीचं हाय. औंदा तसं बी पुरन कुठं शिजतंय?"

मग नानांचा बारीक आवाज, "पन मानूस पडला तर?"

"तर आदी सांगा त्येला! धार नवी हाय म्हनून सांगायचं. तेवढंच तर ऱ्हायलं हुतं."

नाना बाहेर आले. माझ्याकडे न बघता त्यांनी लाटणं घेतलं आणि हातात फिरवलं. मी खिशातून भांडारातला जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. मधे सव्वा इंच भरलं, टोकांना निमुळतं होत पाऊण. नानांचे बारीक डोळे त्या दिवशी जरा उघडलेले मी पाहिले. ते पत्र्यावरच्या कागदाजवळ गेले.

"भाऊसाहेब, ह्यो ब्याऐंशीवाला कोन?"

"हवालदार. गोलकीपर आहे."

"जड मानूस सोताच्या वजनानं रुततो. त्येला लाटन्याचं मधलं अंग. आन् चोपनवाल्याला टोकाकडलं, त्येला जरा धरून ठिवावं लागंल."

असं लाटणं नऊ माणसांत वाटलं गेलं. कॅप्टनचा जोड पुन्हा सपाट करून पहिल्यापासून केला. मावशी चाक फिरवत, मी हात मोजत होतो. ऑफिसातून आल्यावर मीही सहाव्या आणि सातव्या जोडाला एमरी मारली आहे, तळहातांना फोड येईपर्यंत.

दुसऱ्या खेपेला दोन लाद्या आल्या तेव्हा बायकांची रांग आधीच तयार होती, फक्त या वेळी सगळ्या चार हात मागे उभ्या. कॅप्टन फांदी सोडून उभा राहिला. सरकला. लादीच्या टोकाशी पाय आडवा केला. खर्र असा आवाज झाला, पांढरा भुगा उडून पारूमावशींच्या तोंडावर बसला आणि कॅप्टन जागेवर उभा.

"धरतंय का?" नाना ओरडले.

"धरता है!"

"सोडतंय का?"

"सोडता भी है, नाना!"

मावशी तोंडावरचा बर्फ पुसत लहान पोरीसारख्या हसत होत्या. हसता हसता त्या वाकल्या आणि कॅप्टनच्या बुटाच्या पात्याला बघायला त्यांनी डावा हात पुढे केला. नानांनी पटकन त्यांचं मनगट धरलं.

"हळू, पारू," ते म्हणाले. "नवी धार हाय."

एवढंच. गल्ली पाण्याच्या वाटणीत गुंतली होती, त्यामुळे हे मी आणि कॅप्टननंच ऐकलं असावं. मावशींनी मनगट सोडवून घेतलं नाही. नानांनी त्यांचं एक बोट पात्याच्या पाठीवरून अलगद फिरवलं, कड कुठे सुरू होते ते दाखवलं, आणि सोडलं.

निघायच्या आदल्या दिवशी नानांनी मला पुठ्ठ्याची नऊ लेबलं कापायला लावली. मजकूर त्यांनी सांगितला, मी मोठ्या अक्षरांत लिहिला, खाली कॅप्टननं हिंदीत. प्रत्येकावर माणसाचं नाव आणि पुढे: 'धार नवी आहे. पहिल्या दिवशी सावकाश चालणे. अंदाज आल्यावर पळणे.' गोलकीपरच्या लेबलावर नानांनी आणखी एक ओळ घालायला लावली: 'तुम्ही जड आहात, तुमची कड सगळ्यांत मऊ आहे, भिऊ नये.' मग त्यांनी प्रत्येक लेबल आपल्या हातानं जोडाला बांधलं आणि प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघितली.

कॅप्टननं पाकीट काढलं तर नाना मागे सरले. "आत्ता न्हाई. मानसं खेळू द्या. कुनी पडलं न्हाई असं कळवा, मंग बघू." जाताना ते कॅप्टनला जरा बाजूला घेऊन काहीतरी सांगत होते. कॅप्टननं डायरीत लिहून घेतलं. काय ते मी विचारलं नाही.

जानेवारी गेला. नाना रोज माझ्या सायकलला आडवे येऊन विचारायचे, "लडाखचं काय?" मी म्हणायचो, "नाना, वाट दूरची आहे, बर्फानं बंद असते." त्यावर म्हणायचे, "बरफ हाय म्हनताय, म्हंजे खेळत असतील."

फेब्रुवारीच्या शेवटी मला पत्र आलं. मी ते शेडमध्ये उभं राहून मोठ्यानं वाचलं. पहिल्या दिवशी सगळे लेबल वाचून सावकाश चालले. सामना तीन विरुद्ध दोन असा हरले. एक दात पडला, पण तो काठी लागून. पात्यानं कोणाला ओरखडाही नाही. गोलकीपरनं लेबल जपून ठेवलं आहे.

"हरले?" मावशी म्हणाल्या.

"पडलं न्हाई ना कुनी," नाना म्हणाले आणि चाकापाशी जाऊन बसले. तिथे कुणाचंच काम नव्हतं, तरी उगीच बसले.

चार दिवसांनी पोस्टमन शेडपुढे थांबला. "पार्वतीबाई ढवळे कोण?" आमच्या गल्लीत या नावाची बाई आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं, मावशींनाही दोन क्षण लागले.

"ह्या," नाना उभे राहून म्हणाले. "त्येंच्याच नावचं हाय. त्येंच्याच हातात द्या."

मनिऑर्डर होती. नऊ जोड, जोडी तीन रुपये, एकूण सत्तावीस. खाली कॅप्टननं लिहिलं होतं: 'आपण सांगितल्याप्रमाणे रक्कम पार्वतीबाईंच्या नावे.' मावशींनी फॉर्मवर अंगठा उठवला. अंगठ्याला साक्षीदार लागतो, म्हणून मी सही केली. सत्तावीस रुपये पूर्ण, पार्वतीबाई ढवळे यांना माझ्यासमोर पोहोचले.